जलविद्युत प्रकल्पाला गुण कोण देतं आणि जाब कोण विचारतं?

सिक्कीममधल्या तीस्ता-५ या ५१० मेगावॅटच्या जलविद्युत केंद्राचं आंतरराष्ट्रीय निकषांवर मूल्यमापन झालं आणि त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. वीस विषय तपासले गेले. विसाच्या वीस विषयांत केंद्र चांगल्या आंतरराष्ट्रीय पातळीवर किंवा त्याच्याही वर निघालं. सप्टेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय जलविद्युत संघटनेने (पुढे ‘आयएचए’ म्हणू) त्याच केंद्राला ‘ब्लू प्लॅनेट’ पुरस्कार दिला.

दोन वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री, उत्तर सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक या हिमनदी तलावात काठाचा गोठलेला उतार कोसळला. तलाव फुटला. पाण्याचा आणि दगडमातीचा लोंढा खाली आला आणि त्याने चुंगथांगचं तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून नेलं. हा १२०० मेगावॅटचा प्रकल्प. धरणातलं पाणीही पुरात मिसळलं आणि पुढे तीस्ता-५ वरून गेलं. पुरस्कारप्राप्त केंद्र बंद पडलं. पन्नासहून जास्त माणसं गेली, सत्तरहून जास्त बेपत्ता झाली.

मूल्यमापन करणाऱ्यांनी खोटं लिहिलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांना तीस्ता-५ तपासायला सांगितलं होतं, त्यांनी तीस्ता-५ तपासलं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. प्रत्येक मॉड्यूलच्या टेस्ट हिरव्या असतात, आणि सगळं जोडून प्रॉडक्शनवर टाकलं की सिस्टिम झोपते. नदी ही मुळात जोडलेलीच सिस्टिम आहे. गुणपत्रिका मात्र एकेका प्रकल्पाची निघते.

जलविद्युत उद्योगाने सामाजिक आणि पर्यावरणीय मानकं पाळावीत यासाठी जगात आणि भारतात कोणकोणत्या यंत्रणा आहेत, त्या कशा चालतात आणि कुठे अडकतात, ते या लेखात बघू.

मानक वेगळं, उत्तरदायित्व वेगळं

हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, म्हणून आधी फरक सांगतो. मानक म्हणजे लिहून ठेवलेली अपेक्षा: विस्थापितांना जमीन द्या, नदीत इतकं पाणी कायम सोडा, धरणाखाली भोंगा वाजवा. तपासणी म्हणजे ती अपेक्षा पूर्ण झाली का हे कुणीतरी बघणं. आणि उत्तरदायित्व म्हणजे, पूर्ण झाली नसेल तर काहीतरी थांबणं. कर्ज थांबतं, परवानगी थांबते, नाहीतर कुणाला तरी भरपाई द्यावी लागते.

आमच्याकडे कोड तपासणारं टूल दोन प्रकारे लावता येतं. पहिल्यात ते पिवळी सूचना देतं आणि बिल्ड पुढे जातं. दुसऱ्यात बिल्डच अडतं. पहिल्या प्रकारच्या सूचना आठवड्याभरात कुणी वाचत नाही. जलविद्युत क्षेत्रातली बहुतेक आंतरराष्ट्रीय मानकं पहिल्या प्रकारची आहेत. एखादा प्रकल्प ‘मानकांनुसार’ आहे असं वाचलंत तर लगेच विचारायचा प्रश्न असा: मानक मोडलं असतं तर काय अडलं असतं?

तपासायचं काय असतं?

कोळशाच्या वीजकेंद्राचा धूर दिसतो. जलविद्युत केंद्राचे परिणाम नदीच्या लांबीभर पसरलेले असतात. सर्वांना माहीत असलेला परिणाम म्हणजे बुडीत क्षेत्र आणि विस्थापन. त्यावर पुढे येतोच. बाकीचे कमी दिसतात.

हिमालयातले बरेचसे प्रकल्प ‘रन ऑफ द रिव्हर’ म्हणवले जातात. नावावरून वाटतं की नदी वाहतेच आहे, तिला हात लावलेला नाही. प्रत्यक्षात धरणाच्या मागे पाणी अडवून ते डोंगरातल्या बोगद्यात घातलं जातं आणि कित्येक किलोमीटर खाली विद्युतगृहातून परत नदीत सोडलं जातं. तीस्ता-५ चा बोगदा १७ किलोमीटरहून लांब आहे. मधल्या पट्ट्यात नदीचं पात्र उरतं, नदी उरते का हा प्रश्न असतो. या पट्ट्यात किती पाणी सोडायचं त्याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये आकडे जाहीर केले: नोव्हेंबर ते मार्च त्या-त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे मध्ये २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. हे आकडे पुरेसे आहेत का यावर वाद आहे. तरी हा नियम मला उपयोगी वाटतो, कारण तो मोजता येतो. ‘नदीचं आरोग्य राखावं’ हे वाक्य तपासता येत नाही. २० टक्के तपासता येतात.

मग सोडलेलं पाणी. विजेची मागणी संध्याकाळी वाढते तेव्हा टर्बाइन चालू होतात आणि खालचं कोरडं पात्र बघता बघता भरतं. उलटही होतं. ८ जून २०१४ ला हिमाचलमधल्या मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. वरच्या बाजूला लारजी हा १२६ मेगावॅटचा प्रकल्प. ग्रिडमध्ये वीज जास्त झाली म्हणून लोड डिस्पॅच केंद्राकडून निर्मिती कमी करायची सूचना आलेली. निर्मिती कमी केली की टर्बाइनमधून जाणारं पाणी कमी होतं, आणि तलाव भरलेला असेल तर ते पाणी धरणाच्या दारांतून सोडावं लागतं. तसं ते सोडलं गेलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. पुढे हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि त्यातला मोठा वाटा वीज मंडळावर टाकला.

ही घटना वाचताना मला प्रत्येक वेळी तो कंट्रोल रूम दिसतो. तिथल्या स्क्रीनवर मेगावॅट होते, फ्रिक्वेन्सी होती, तलावाची पातळी होती. नदीपात्रात उभी असलेली माणसं त्या स्क्रीनच्या कुठल्याही कॉलममध्ये नव्हती. धरणाखालच्या लोकांना इशारा देण्याची व्यवस्था हा आंतरराष्ट्रीय मानकांतला कोरडा मुद्दा वाटतो. त्याचा अर्थ हा असा आहे.

तिसरी गोष्ट हवामानाची. जलविद्युत ‘स्वच्छ’ असतेच असं नाही. बुडालेली झाडं आणि वाहून आलेला काडीकचरा तळाशी कुजतो आणि मिथेन निघतो. म्हणून हरित रोखे देणारे लोक एक सोपं गुणोत्तर बघतात: स्थापित क्षमता भागिले तलावाचं क्षेत्रफळ, म्हणजे दर चौरस मीटर पाण्यामागे किती वॅट. क्लायमेट बाँड्स इनिशिएटिव्हच्या २०२१ च्या निकषांत जुन्या प्रकल्पांसाठी ही सीमा ५ आणि नव्यांसाठी १० वॅट आहे. ती ओलांडली नाही तर दर युनिटमागचं उत्सर्जन ठरावीक मर्यादेत असल्याचं दाखवावं लागतं. करून बघू: सरदार सरोवराची क्षमता १४५० मेगावॅट, बुडीत क्षेत्र साधारण ३७ हजार हेक्टर म्हणजे ३७० चौरस किलोमीटर. भागाकार येतो ३.९. अर्थात ते धरण सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठीही आहे, त्यामुळे सगळा तलाव विजेच्या खात्यात टाकणं अन्यायाचं होईल. पण हिशेब कसा करतात ते कळलं. आणि हेही लक्षात आलं असेल की या गुणोत्तरात एकही माणूस नाही. उंच दरीत कमी पसाऱ्याचा तलाव केला तर गुण उत्तम येतात, मग त्या दरीत कुणाचंही गाव असो.

मुळशी ते मणिबेली

मराठी वाचकाला या विषयाची ओळख करून द्यायला सिक्कीमपर्यंत जायची खरं तर गरज नव्हती. १९२१ मध्ये मुळशीला निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी धरण बांधत होती. पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला सोडायचं, वीज मुंबईला न्यायची. मावळच्या शेतकऱ्यांनी रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, पुढे सेनापती बापटांनी तो चालवला. धरण झालंच. त्या वेळी दाद मागायला यंत्रणा कुठली होती? सरकारने जमीन संपादन करून कंपनीला दिली होती, म्हणजे ज्याच्याकडे तक्रार करायची तोच जमीन घेणारा.

सत्तर वर्षांनी नर्मदेवर चित्र थोडं बदललं, आणि ते कसं बदललं हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. भारत सरकारची पर्यावरणीय मंजुरी आली १९८७ मध्ये, तीही अटींसह. म्हणजे कर्ज आधी, अभ्यास नंतर. दरम्यान पुनर्वसनाचे नियम कागदावर चांगलेच होते. १९७९ च्या नर्मदा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन आणि बुडण्याआधी पुनर्वसन, दोन्ही लिहिलेलं होतं. बँकेचंही स्वतःचं पुनर्वसन धोरण होतं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांचा, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी गावांचा अनुभव वेगळा होता. त्यांपैकी मणिबेली पहिल्यांदा पाण्याखाली जाणार होती.

आंदोलनाने एक हुशार गोष्ट केली. धरण वाईट आहे हे तर ते म्हणतच होते. त्यासोबत त्यांनी बँकेला बँकेचाच नियम दाखवला. दबाव इतका वाढला की १९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. अध्यक्ष होते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स. जून १९९२ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत नियम पाळले गेलेले नाहीत आणि बँकेने मागे सरावं. बँक लगेच सरली नाही, तिने भारताला मुदत देऊन टप्पे आखून दिले. मार्च १९९३ मध्ये भारतानेच उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं.

धरण थांबलं नाही, हेही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर ते टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. २०१७ मध्ये दारं बंद झाली. आज त्यातल्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. कुठल्या गावांच्या बदल्यात, ते वर आलं आहे.

पण सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ नावाची यंत्रणा तयार केली. प्रकल्पामुळे नुकसान झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या दोन किंवा अधिक माणसांनी मिळून तक्रार केली तर बँकेने स्वतःचे नियम पाळले का याची चौकशी होऊ शकते. त्या माणसांना बँकेच्या ग्राहक-सरकारची परवानगी लागत नाही. तिचं पहिलं प्रकरणही जलविद्युतचंच निघालं: नेपाळमधला अरुण-३. १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतलं. आशियाई विकास बँक आणि इतर वित्तसंस्थांनीही पुढे अशा यंत्रणा उभ्या केल्या.

इथे रचना बघा. बाहेरचा माणूस ट्रिगर करू शकतो, तपासणारा प्रकल्पाच्या मालकाच्या पगारावर नाही आणि शेवटी पैसा अडू शकतो. उत्तरदायित्वाला लागतात त्या तीनही गोष्टी इथे आहेत. मर्यादा एकच, पण मोठी: प्रकल्पाने त्या बँकेकडून पैसे घेतले नसतील तर हे दार नसतंच. देशी बँका आणि सरकारी कंपन्यांच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला ते लागू पडत नाही.

आयोग, आणि मग उद्योगाची स्वतःची गुणपत्रिका

वाद इतका पेटला होता की १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग स्थापन झाला. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादेर अस्माल. बारा सदस्यांत मेधा पाटकर होत्या आणि टर्बाइन-जनरेटर बनवणाऱ्या एबीबी कंपनीचे प्रमुख योरान लिंडाल पण होते. एकाच टेबलावर ही दोन माणसं बसली हीच मोठी गोष्ट. नोव्हेंबर २००० च्या अहवालाचा अंदाज होता की जगभरात मोठ्या धरणांनी ४ ते ८ कोटी माणसं विस्थापित केली. अहवालाने ज्यांचे हक्क आणि ज्यांची जोखीम, त्या सगळ्यांना निर्णयात जागा द्यायला सांगितलं. २६ मार्गदर्शक सूचना दिल्या. भारत सरकारने हा अहवाल स्वीकारला नाही.

त्याच्या सूचना तरीही एका अनपेक्षित वाटेने जिवंत राहिल्या. युरोपीय संघाने २००४ मध्ये ठरवलं की २० मेगावॅटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे कार्बन क्रेडिट युरोपच्या बाजारात वापरायचे असतील तर या आयोगाचे निकष पाळलेले असावेत. लगेच भारतासह अनेक देशांतल्या प्रकल्पांना ‘आम्ही निकष पाळतो’ असं दाखवणारी कागदपत्रं करणं भाग पडलं. सरकारांनी नाकारलेल्या सूचना पैशाच्या दारावर अट होऊन बसल्या. कागदपत्रांचा दर्जा काय होता हा वेगळा प्रश्न.

उद्योगाला आयोगाची चौकट जड वाटली. आयएचए, म्हणजे जलविद्युत कंपन्यांची जागतिक संघटना, हिच्या पुढाकाराने कंपन्या, काही सरकारं, बँका आणि पर्यावरण संस्था यांनी मिळून नवी पद्धत तयार केली, ती २०११ मध्ये वापरात आली. तीस्ता-५ चं मूल्यमापन याच पद्धतीने झालं. प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे (अगदी सुरुवात, तयारी, बांधकाम, वापर) त्यानुसार प्रश्नावली वेगळी. प्रत्येक विषयाला १ ते ५ गुण: ३ म्हणजे मूलभूत चांगली पद्धत, ५ म्हणजे सिद्ध झालेली सर्वोत्तम पद्धत. सुरुवातीला यात पास-नापास नव्हतंच. २०२१ मध्ये त्यावर आधारित प्रमाणपत्राचं मानक आलं. त्यात बारा विभाग आहेत: पुनर्वसन, आदिवासी समुदाय, कामगार, गाळ आणि पाण्याचा दर्जा, जैवविविधता, सुरक्षितता, हवामान वगैरे. किमान अटी पूर्ण झाल्या की प्रमाणपत्र, त्यापुढच्या अटी जितक्या जास्त तितकं रौप्य किंवा सुवर्ण.

मी ही प्रश्नावली वाचली आहे आणि ती चांगली आहे. मनापासून सांगतो, आपल्याकडच्या अनेक पर्यावरण अहवालांपेक्षा बरीच खोल आहे. अडचण प्रश्नांत नाही. मूल्यमापन ऐच्छिक आहे, प्रकल्पमालक स्वतः ते मागवतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. ज्याला नापास व्हायची भीती आहे तो परीक्षेला बसणारच नाही. त्यामुळे जगभरातल्या प्रमाणपत्रांची यादी बघून उद्योगाची सरासरी तब्येत ठरवू नका. ती स्वतःहून डॉक्टरकडे गेलेल्यांची यादी आहे.

भारतातला कायदा कुठे अडवतो?

आपल्याकडे अडवण्याची खरी ताकद कायद्यात आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार, म्हणजे बोलीत ‘ईआयए’नुसार, मोठे जलविद्युत प्रकल्प केंद्राकडे जातात, २५ मेगावॅट आणि त्यावरचे पण त्यांहून लहान राज्याकडे. २५ च्या खाली या मंजुरीची गरजच नाही. उंबरठा आला की त्याच्या किंचित खाली राहायचा मोह येतो, हे इन्कम टॅक्स भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि छोटा प्रकल्प म्हणजे छोटी जोखीम असंही नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तराखंडमध्ये खडक-बर्फाचा कडा कोसळून पूर आला, त्यात सर्वात आधी ऋषिगंगा प्रकल्प नाहीसा झाला. त्याची क्षमता होती १३.२ मेगावॅट. मग पूर तपोवन-विष्णुगाडच्या बोगद्यांत शिरला. दोन्ही ठिकाणी मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा हरवली, त्यात कामगार बरेच.

ईआयए अहवाल सल्लागार संस्था लिहिते आणि तिची फी प्रकल्पमालक देतो. म्हणजे इथेही तोच घोळ. फरक असा की इथे जनसुनावणी आहे. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, लोक बोलतात ते इतिवृत्तात नोंदवावं लागतं आणि तज्ज्ञ समितीसमोर ते जातं. लोकांच्या हातातलं हे महत्त्वाचं अधिकृत बटण. म्हणून एखाद्या प्रकल्पाला सुनावणीतून सूट मिळाली की मंजुरी काही महिने लवकर मिळते एवढ्यावर ते थांबत नाही, बटणच काढून घेतलं जातं.

एकेका प्रकल्पाऐवजी अख्खं खोरं तपासावं ही मागणीही नवी नाही. २०१३ च्या केदारनाथ आपत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडमधल्या नव्या जलविद्युत प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबवल्या आणि एकत्रित परिणामांचा अभ्यास करायला सांगितलं. रवी चोपडांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, प्रकल्पांनी आपत्तीची तीव्रता वाढवली, असा निष्कर्ष काढला. आठ वर्षांत तपोवन घडलं.

पुन्हा तीस्ता

दक्षिण ल्होनाक तलाव धोकादायक आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. शास्त्रज्ञ त्याच्याबद्दल लिहीत होते. २०१६ मध्ये तर सोनम वांगचूक आणि सिक्कीमच्या यंत्रणेने तिथे पाइप टाकून तलावातलं पाणी उपसायचा प्रयत्न केला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्वसूचनेसाठी उपकरणं बसवायला सुरुवात झाली, ती पूर्ण व्हायच्या आत तलाव फुटला. आणि लोकांकडूनही बोलायचं राहिलं नव्हतं. २००७ मध्ये लेपचा तरुणांनी तीस्तेवरच्या प्रकल्पांविरुद्ध गंगटोकमध्ये दीर्घ उपोषण केलं होतं.

माहिती होती, विरोध नोंदवलेला होता, मानकं होती आणि तपासणीही झालेली होती. पण तलावाची माहिती एका खात्याकडे, तीस्ता-३ एका कंपनीकडे, तीस्ता-५ दुसऱ्या कंपनीकडे आणि गुण देणारे लंडनच्या संघटनेशी जोडलेले. खोऱ्याचा मालक कुणीच नव्हता, त्यामुळे खोऱ्यासाठी जाब विचारायचा तर कुणाला, हा पत्ताच नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने तीस्ता-३ पुन्हा बांधायला हिरवा कंदील दाखवला. जुनं धरण ६० मीटर उंच, दगडभरावाचं होतं. नवं काँक्रीटचं आणि ११८ मीटरहून उंच असेल. नवी जनसुनावणी लागणार नाही असं ठरलं. अभियंता म्हणून मला काँक्रीटचं धरण जास्त भक्कम वाटतं, त्याचा सांडवाही मोठा ठेवला आहे. पण चुंगथांगच्या रहिवाशांनी २०२३ मध्ये जे पाहिलं ते २००६ च्या मंजुरीच्या फाइलमध्ये असू शकत नाही. ते नोंदवायची जागा फक्त सुनावणीच होती.

सह्याद्रीत काय बघायचं?

आता हा विषय आपल्या घाटांत परत येतोय. सौर वीज दुपारी जास्त होते, म्हणून ती साठवायला उदंचन प्रकल्प हवेत: वर एक तलाव, खाली एक तलाव, दुपारी पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज काढायची. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहेच. २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवटा आणि भिवपुरी इथे मिळून २८०० मेगावॅटसाठी राज्य सरकारशी करार केला, आणि इतर कंपन्यांचेही प्रस्ताव आहेत. मी या तंत्रज्ञानाच्या बाजूचा आहे. नाहीतर सौर वीज वाया जाणार किंवा रात्री कोळसा जाळावा लागणार. म्हणूनच त्याची तपासणी नीट व्हावी असं वाटतं.

तुमच्या तालुक्यात असा प्रकल्प येत असेल तर केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्पाचं नाव टाका. अर्ज, ईआयए अहवाल, तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं तिथे असतात. अहवाल शेकडो पानांचा असतो, सगळा वाचत बसू नका. आधी नकाशा उघडा आणि अभ्यासक्षेत्राची सीमा कुठे थांबते ते बघा. त्याच खोऱ्यातलं वरचं धरण, खालचं धरण, शेजारचा दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव सीमेच्या आत आहे का? मग पुनर्वसनाचा तक्ता: त्यात फक्त सातबाऱ्यावर नाव असलेले लोक मोजलेत, की धनगरवाड्या आणि वनहक्काचे दावे प्रलंबित असलेलेही? मग पाणी सोडण्याचं वेळापत्रक आणि इशाऱ्याची व्यवस्था, आणि त्यात कुठल्या गावाचं नाव लिहिलंय. जनसुनावणीत बोलताना अहवालाचा पान क्रमांक सांगून बोला, म्हणजे इतिवृत्तात तो मुद्दा तसाच उतरवावा लागतो. मंजुरीनंतर कंपनीने दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, तोही मागता येतो.

आणि मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मंजुरीचा आदेश कळल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. ९१ व्या दिवशी ते दार बंद होतं.